मानेखालचं पॅकिंग

"तुहा हात बराबर हाय."

काकांनी माझं नाव विचारायच्या आधी मला हे सांगितलं. पुढच्या नऊ-दहा वर्षांत रायपूरजवळच्या बीरगांवच्या त्यांच्या ओसरीत हेच वाक्य ते किती जणांना सांगताना मी ऐकलं, त्याची गणती नाही. कॉलेजातली पोरं, चर्चमध्ये वाजवणारे दोघे भाऊ, एक होमगार्डचा जवान, एक दातांचे डॉक्टर. फक्त ज्याला ते सगळ्यात आधी सांगायला हवं होतं, त्याला सांगायचं राहून गेलं होतं. तो त्यांचा मुलगा. काकांबद्दल काकू म्हणायच्या, सकाळी डोळे उघडले की यायले पहिले तेच आठवते.

हे माझे नात्यातले काका नव्हेत. वॅगन दुरुस्त करणाऱ्या एका कारखान्यात ते छत्तीस वर्षं फिटर होते. मूळचे भंडाऱ्याकडचे. वडील नोकरीला इकडे आले, आणि पुढं सगळं घरदार इथलंच झालं. रिटायर झाल्यावर काकांनी बीरगांवात दोन खोल्या बांधल्या, पुढं पत्र्याची ओसरी काढली, तिच्यात शिलाई मशीनचं जुनं टेबल मांडलं आणि इलेक्ट्रिक गिटारी नीट करायला बसले. गिटार त्यांना वाजवता येत नव्हती. ऐकूही येत नव्हती. कारखान्यात कानात बोळे घालायला सांगत, ते यांनी कधी घातले नाहीत. म्हणे, बोळ्यानं कान खाजते. पन्नाशी उलटेपर्यंत दोन्ही कान गेले. रायपुरात गिटारीचा सगळ्यात भरवशाचा मिस्त्री ठार बहिरा आहे असं सांगितलं की बाहेरगावचे लोक हसतात. हसू द्या.

त्यांच्याशी बोलायचं तर पाटीवर लिहायचं. शाळेतली दगडी पाटी, लाकडी चौकटीची, टेबलाच्या खिळ्याला सुतळीनं बांधलेली. ओठ वाचायचा ते प्रयत्नही करत नसत. ते स्वतः मात्र बोलत, आणि स्वतःचा आवाज ऐकू येत नसल्यामुळं इतक्या मोठ्यानं बोलत, की तुमच्या गिटारीचा रोग तुमच्याआधी शेजारच्या किराणावाल्याला कळायचा.

माझी गोष्ट अशी. आमचं घर रायपूरच्या तात्यापारा मोहल्ल्यातलं. मराठ्यांच्या राज्यात आमचे कोणी पूर्वज नागपूरकडून इकडं आले, आणि आमचं घर अजूनही लवकरच परत जायचं आहे अशा थाटात राहतं. मी नऊ वर्षांची असताना डाव्या हाताची करंगळी जीपच्या दारात सापडली. हाड जुळलं, पण बोट जरा बाहेरच्या बाजूला वळून राहिलं. तेव्हापासून माझ्या हातून बशी फुटली तरी दोष त्या बोटाचा. पुढं चुलतभावानं सोडून दिलेली एक इलेक्ट्रिक गिटार मला मिळाली आणि मी तिच्यामागं वेडी झाले. बी. कॉम. करताना रोज दोन तास बसायची. गिटारीच्या मानेवर आडव्या धातूच्या पट्ट्या असतात, त्यातल्या खालच्या सुरांच्या पट्ट्यांवर सगळं नीट चालायचं. सातव्या पट्टीच्या वर गेलं की तारा दाबता दाबता बोटांची चाळण व्हायची आणि सूर बेसूर व्हायचे. शहरात पंडरीच्या कापडबाजाराजवळ क्लास होता. तिथले सर भले माणूस होते. त्यांनी माझी करंगळी हातात धरून पाहिली आणि म्हणाले, "उंगली का प्रॉब्लेम है बेटा. कीबोर्ड ले लो." आई तर आधीपासूनच म्हणत होती, "तुझ्या बोटाचं माहीत आहे ना तुले? मग काहून हट्ट करून राहिली?"

अशात तेलीबांध्याच्या बाजूला एका नव्या शाळेत संगीत शिक्षिकेची जागा निघाली. मुलाखत होऊन गेली होती, बुधवारी प्रॅक्टिकल होतं. त्यांनी वाजवायला पाठवलेल्या तुकड्यातला निम्मा भाग बाराव्या पट्टीच्या आसपास होता. जमलं तर नोकरी. नाही तर मामांच्या पंडरीच्या कापडाच्या दुकानात बसायचं, हे घरात ठरून गेलं होतं, आणि मीही हो म्हटलं होतं. गिटार विकून टाकायची असंही मी मनाशी ठरवलं होतं. विकण्याआधी तारा तरी बदलून घ्याव्या म्हणून बाजारातल्या दुकानात गेले. दुकानदारानं गिटार उलटीसुलटी केली आणि म्हणाला, "बीरगांव में एक बहरे अंकल हैं. डांटेंगे, पर देख देंगे." शनिवारी सकाळी मी बीरगांवात हजर झाले.

काकांनी गिटार टेबलावरच्या फलालीनवर आडवी ठेवली आणि विचारलं, "खराब हाय असं कोण म्हणलं?"

मी पाटीवर लिहिलं: गिटार नाही, माझं बोट खराब आहे. आणि करंगळी पुढं केली.

त्यांनी बोटाकडं धड पाहिलंही नाही. "दुखते कुठं?"

मी लिहिलं: बोटात.

"बोटात नाही वं. गिटारीवर कुठं? खाली का वर?"

मी सातव्या पट्टीपासून पुढं हात फिरवून दाखवला. खालच्या पट्ट्यांवर हात ठेवून मान हलवली, इथं ठीक.

"मंग?" काका ओरडले. "हात खराब असता तं सगळीकडं खराब असता. हा हात खाली चालते अन् वर मरते, असा कोणता हात असते? तुहा हात बराबर हाय. गिटारीचा कोन चुकला हाय."

मग त्यांनी मोजलं. पातळ पोलादी पात्यांचा जुडगा असतो, फीलर गेज म्हणतात. त्यातली पाती एकावर एक चढवत ते बाराव्या पट्टीवर तारेखाली सरकवत गेले. "साडेतीन मिलिमीटर. पायजे दोन." तारा ज्या घोडीवर टेकतात, तिचे स्क्रू फिरवून तारा खाली घेता येतात, पण माझ्या गिटारीची घोडी आधीच तळाला टेकलेली होती. आता खाली जायला जागा नव्हती. अशा गिटारीची मान वेगळी असते आणि मागून चार स्क्रूंनी धडाला जोडलेली असते. ती मान एका खाचेत बसते. त्या खाचेत, घोडीकडच्या टोकाला, मानेखाली केसाएवढी पाचर सरकवली की मान किंचित मागं कलते आणि वरच्या पट्ट्या तारांजवळ येतात. इंग्रजीत तिला शिम म्हणतात. काका पॅकिंग म्हणत. वॅगनीत जन्मभर तेच केलं होतं त्यांनी.

मला तिथंच रडू आलं. आनंदानं नव्हे, रागानं. सहा वर्षं मी त्या बोटाला शिव्या देत होते, रात्री खोबरेल चोळत होते, आणि सहा वर्षांत एकाही शहाण्यानं गिटारीला मोजपट्टी लावून पाहिली नव्हती. मीसुद्धा नाही. काका रडू संपायची वाट पाहत बसले. मग म्हणाले, "आधी मोजाव, मंग बोंबलाव. लोकं उलटं करते." आणि सांगितलं, आज हातात दुसरी गिटार आहे, उद्या रविवार, सोमवारी ये.

सोमवारपर्यंत धीर धरेल ती मी कसली. पण त्याआधी काकांच्या घराबद्दल सांगते, नाही तर ते कसे होते ते कळणार नाही.

त्या घरात पॅकिंगशिवाय उभी असलेली एकही वस्तू नव्हती. कपाटाखाली पॅकिंग, फ्रीजखाली पॅकिंग, गॅसच्या शेगडीखाली पॅकिंग, कारण एका बाजूचं दूध आधी उतू जायचं. भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीमागंसुद्धा डाव्या कोपऱ्यात लाकडाची एक चीप होती. काकू म्हणायच्या, "मी बसली तं माह्या बी खाली घालतीन." एकदा नात्यातल्या लग्नात पंगतीला टेबल डुगडुगत होतं. काका खाली वाकले, खिशातली एक लग्नपत्रिका चार घड्या करून पायाखाली घातली, मग उठून त्या रांगेतली सगळी टेबलं हलवून पाहत गेले. वाढपी वरणाची बादली घेऊन मागं उभा, मुलीचा बाप हात जोडून उभा. काका टेबलाखालून ओरडले, "वाढा तुमी. माहा हिशोब वेगळा हाय." पत्रिका संपल्या तेव्हा त्यांनी शेजारच्या पाहुण्यांच्या खिशात हात घातला.

गिटारीत मात्र कागद त्यांना चालत नसे. कागद पाणी पितो, फुगतो, दबतो. त्यांना सागाचं विनियर लागायचं, फर्निचरवाल्याकडून उरलेलं. खाचेच्या मापानं कापायचं आणि काचेवर चिकटवलेल्या पॉलिश पेपरवर घासत बसायचं, असं की एका टोकाला शून्य आणि दुसऱ्या टोकाला अर्धा मिलिमीटर. मधे कुठं पोकळी राहायला नको. चांगली पाचर करायला त्यांना दोन तास लागत. घाई केलेली चालत नसे आणि उगीच लांबवलेलीही. लोकांनी स्वतः घातलेली पॅकिंगं काढून ते एका बिस्किटाच्या डब्यात ठेवत. त्या डब्यात काय नव्हतं. व्हिजिटिंग कार्ड, बसचं तिकीट, छातीच्या एक्सरेचा तुकडा, पत्त्यांतला चौकटचा गुलाम. नवीन गिऱ्हाईक आलं की तो डबा आधी उघडून दाखवत. "हे पाय. गिटार हाय का कचरापेटी?"

आणि त्यांचा एक हट्ट असा होता, की ज्याची गिटार त्यानंच समोर बसायचं आणि स्क्रू त्यानंच खोलायचे. पाठवलेली, ठेवून गेलेली, ड्रायव्हरच्या हाती आलेली गिटार ते घेत नसत. लोक चिडत. त्या दातांच्या डॉक्टरांची गिटार परदेशातून आणलेली, त्यांना पेचकस हातात धरायचा म्हणजे अपमान. त्यांनी पाटीवर लांबलचक लिहिलं, की मानेखाली पॅकिंग घातल्यानं आवाजाचा प्राण जातो असं जाणकार म्हणतात. काकांनी पाटी वाचली, पुन्हा वाचली. म्हणाले, "कोळशाची अख्खी मालगाडी पॅकिंगवर जाते डॉक्टरसाहेब, तिचा प्राण नाही जात. अन् आवाज तुमचं खातं हाय. माह्याकडं फक्त उंची." डॉक्टरांनी मुकाट पेचकस घेतला. काम झाल्यावर काकांनी नेहमीप्रमाणं गिटारीच्या शिंगावर, म्हणजे धडाच्या वरच्या टोकदार भागावर, हनुवटी टेकवली आणि "वाजवा" म्हणाले. तारेची थरथर हाडातून यायची, तेवढ्यावर त्यांना कळायचं कुठं तार पट्टीला घासते आहे. डोळे मिटून, हनुवटी टेकवून बसलेला तो बहिरा माणूस पाहून डॉक्टरसुद्धा जरा हळू वाजवू लागले.

तर माझा रविवार. सकाळी उठले आणि स्वतःच मान खोलली. काय अवघड आहे त्यात, पाहिलंय ना आपण. साडीच्या खोक्याचा पुठ्ठा कापला, दुहेरी घातला, आणि नेमका उलट्या टोकाला घातला, घोडीकडं नाही तर पुढच्या तोंडाशी. मान मागं कलायच्या ऐवजी पुढं झुकली. तारा इतक्या वर गेल्या की खालून भाजी कापायची सुरी जाईल. घाबरून स्क्रू आणखी आवळले, तर एक स्क्रू नुसताच गरगर फिरू लागला. लाकडातलं भोक खाल्लं गेलं होतं. बुधवारी प्रॅक्टिकल. आईनं विचारलं तर तिच्यावरच खेकसले.

सोमवारी गेले ती मान खाली घालूनच. काकांनी माझ्याकडून स्क्रू खोलून घेतले, आतला पुठ्ठा बाहेर काढला, उजेडात धरला. आता तोंडाचा पट्टा सुटणार म्हणून मी तयार होते. ते हसायला लागले. मी त्यांना तोपर्यंत हसताना पाहिलं नव्हतं. आतून काकू बाहेर आल्या पाहायला, की झालं काय.

"बस," काका म्हणाले. "आता जन्मात विसरणार नाही कोणती बाजू ते. मी सांगितलं असतं तं विसरली असती."

पुठ्ठा डब्यात गेला. फिरणाऱ्या स्क्रूच्या भोकात त्यांनी दात कोरायच्या काड्या आणि पांढरा गोंद भरला, आणि तो सुकेपर्यंत मला समोर बसवून पाचर घासायला लावली. दर पाच मिनिटांनी मोजायचं आणि पाटीवर आकडा लिहायचा. मी एकदा अंदाजानं लिहिला. त्यांनी स्वतः मोजून पाहिला, पाटी पुसली आणि माझ्या हातात परत दिली. मी पुन्हा मोजलं. संध्याकाळी गोंद पुरता वाळला. स्क्रू कर्णाकर्णानं, थोडे थोडे, हातानंच आवळायचे, जोर नाही करायचा. घोडी पुन्हा वर आली, बाराव्या पट्टीवर दोन मिलिमीटर. मी तो शाळेचा तुकडा वाजवला, तर वाकडी करंगळी गेली ना वर. काही त्रास न देता गेली. काकांची हनुवटी शिंगावर होती. ते म्हणाले, "घासत नाही कुठं. जा."

बुधवारी माझ्यापेक्षा चांगले वाजवणारे दोघं होते, पण नोकरी मला मिळाली. शाळेतल्या बाईंनी नंतर सांगितलं, तुम्ही एकदाही गिटारीकडं घाबरून पाहिलं नाही म्हणून. त्यांना काय माहीत. आज मी तिथंच आहे, माझ्या वर्गात अठरा गिटारी आहेत, आणि कोणी मूल म्हणालं की मॅडम मला जमत नाही, तर मी आधी मोजपट्टी काढते, मग तोंड उघडते. हे माझं शहाणपण नाही. ते माझ्याकडं बीरगांवातून आलं, आणि त्याबद्दल मी काकांना कधी नीट धन्यवाद देऊ शकले नाही. पेढे घेऊन गेले तर म्हणाले, "गोंदाले दे. त्यानंच धरलं." पाटीवर थँक यू लिहिलं तर पुसून टाकायचे.

त्या पेढ्यांच्या दिवशीच मी आतल्या खोलीत पहिल्यांदा गेले. भिंतीवर एक काळी गिटार टांगलेली होती. एवढ्या वर्षांची, पण धुळीचा कण नाही. सवयीनं मी डोळा लावून तारांची उंची पाहिली आणि चाट पडले. माझ्या गिटारीपेक्षा वाईट अवस्था. घोडी तळाला, तारा आभाळात. मी बाहेर येऊन पाटीवर मोठ्या उत्साहानं लिहिलं: काका, आतल्या गिटारीला पॅकिंग मी करू? काकांनी पाटी वाचली, उपडी ठेवली आणि अंगणात निघून गेले.

"यायले नको बोलू त्याच्यावर," काकू म्हणाल्या. त्या लाल भाजी निवडत होत्या. "ते पोराची हाय आमच्या."

मग त्यांनी सांगितलं. मुलगा बारावीत असताना त्यानं हट्टानं गिटार घेतली. सकाळ-संध्याकाळ क्वार्टरमध्ये वाजवायचा. खाली चांगली वाजायची, वर गेला की अडकायचा, तिथंच अडकायचा रोज. तेव्हा काकांना थोडं ऐकू येत असे. एक दिवस ड्यूटीवरून थकून आले आणि म्हणाले, "सोड ते. हात नाही तुहा." पोरानं त्याच दिवशी गिटार भिंतीला लावली. आयटीआय केलं, कोरब्याला एका प्लांटमध्ये लागला. सगळं नीट झालं त्याचं. पुन्हा मात्र गिटारीला हात लावला नाही.

"अन् रिटायर झाले तवा एक दिवस पुसाले काढली यायनं," काकू म्हणाल्या. "कोण जाणे काय मनात आलं, ते पाती लावून पाहिलं. अन् मंग बसूनच राहिले. जेवले नाही दिवसभर. छत्तीस वर्षं नट बी मोजल्याबिगर बसवला नाही या माणसानं. पोराले बोलले, तं तेवढं मोजलं नाही."

त्यानंतर ते बाजारातल्या दुकानात जाऊन बसू लागले, कोणत्या गिटारीची उंची किती असावी ते लिहून आणू लागले, आणि मग ओसरीत टेबल आलं. काकूंनी किती वेळा म्हटलं, फोनवर मी सांगते त्याला. काकांना फोन ऐकू येत नाही. पण त्यांनी ते मानलं नाही. "म्हणते, बोललो मी, तं सांगीन बी मीच. अन् पोरगा येते तं दोघं बी जेवते, टीव्ही पाहते, अन् जाते तो." काकूंनी निवडलेली भाजी सुपात ओढली. "येते बी किती? वर्षातून दोनदा. सकाळी येते, संध्याकाळच्या गाडीनं परत."

तेव्हा मला कळलं, मला पहिल्या दिवशी मिळालेलं वाक्य कोणासाठी तयार झालेलं होतं. ते दुसऱ्याच्या वाट्याचं होतं आणि मी ते खाऊन बसले होते. मला लाज वाटली आणि तितकंच कृतज्ञही वाटलं. दोन्ही एकदम वाटू शकतं.

गेल्या वर्षी काकांचे हात थरथरू लागले. पेचकस खाचेत बसेना. त्यांनी गिटारी घेणं बंद केलं आणि येणाऱ्यांना माझ्याकडं पाठवू लागले. मेच्या सुट्टीत एका रविवारी सकाळी काकूंचा फोन आला, "ये जमलं तं. यायनं बोलावलं तुले. पोरगा आला हाय."

गेले. काळी गिटार भिंतीवरून उतरवून टेबलावर, फलालीनवर ठेवलेली होती. मुलगा आत खाटेवर मोबाइल पाहत बसला होता. चाळिशीकडं झुकलेला, टक्कल पडू लागलेला, वागायला गरीब माणूस. त्याची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. काकांनी हाक मारली, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशी, "बाहेर ये. बस इथं."

तो आला, समोरच्या स्टुलावर बसला. काकांनी पात्यांचा जुडगा माझ्यापुढं सरकवला. "तू मोज."

मी मोजलं. दोनदा मोजलं. पाटीवर लिहिलं, पावणेचार. काकांनी ती पाटी उचलून मुलासमोर धरली.

"हे तवा बी एवढंच होतं," ते म्हणाले. "दोन पायजे होतं. मी मोजलं नव्हतं. तसाच बोललो तुले. हात बराबर होता तुहा."

काकू दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. मुलानं पाटीवरचा आकडा वाचला. मग खाली पाहून, हळू, जणू मलाच सांगतोय असं म्हणाला, "मुझे लगा था ये भूल गए होंगे."

"काय म्हणला?" काकांनी मला विचारलं.

मी खडू उचलला नाही. ते सांगणं माझं नव्हतं. मुलानं स्टूल पुढं ओढलं, बापाच्या कानाशी तोंड नेलं आणि जोरात म्हणाला, "पेचकस कुठं हाय, बाबा?"

काकांनी त्याचा पुढं आलेला हात पाहिला आणि पेचकस त्यावर ठेवला. त्यानं चारही स्क्रू खोलले. मान सुटून हातात आली. खाचेत इतक्या वर्षांचा भुसा होता, तो त्यानं फुंकरीनं उडवला. काकांनी खाचेचं माप बोटानं दाखवलं, मी सागाचा तुकडा काढला. तेव्हा मुलानं घड्याळाकडं पाहिलं आणि मला विचारलं, "कितना टाइम लगेगा दीदी? पाँच बजे ट्रेन है."

सकाळचे साडेदहा वाजले होते. अर्ध्या मिलिमीटरची पाचर दोन तासांची. माझा हात काकांइतका सराईत नाही, तरी दुपारी एक वाजेपर्यंत झालीच असती.

"कल सुबह तक लगेगा," मी त्याला म्हटलं, आणि काकांना कळावं म्हणून पाटीवर लिहिलं: उद्या होईल.

काकांनी पाटी जवळ घेतली. इतक्या वर्षांत माझा एकही चुकीचा आकडा त्यांनी चालवून घेतला नव्हता. त्यांनी ते दोन शब्द वाचले, माझ्याकडं पाहिलं, मुलाकडं पाहिलं.

"हव," ते म्हणाले. "एक दिवस तं लागतेच."

मुलानं उठून दाराशी ठेवलेली बॅग आत नेली.